अतिशुद्ध नायट्रिक ॲसिड: खरेदीपासून कचऱ्यापर्यंत, लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

नळाच्या पाण्यात शिसं सापडतं. ब्लँकमध्येही, म्हणजे नमुना न घालता तसंच तयार केलेल्या कोऱ्या द्रावणातही, जवळपास तेवढंच सापडतं. मग दोन दिवस ‘मशीन बिघडलंय का’ यावर खल चालतो. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं आणि घोळ ॲसिडमध्ये, किंवा ॲसिड ज्या भांड्यात ओतलं त्या भांड्यात असतो. पुण्यात पाषाणची संशोधन संस्था असो, विद्यापीठाचा विभाग असो की भोसरी-चाकणची टेस्टिंग लॅब, नव्याने आलेल्या माणसाच्या हातात नायट्रिकची बाटली पहिल्याच आठवड्यात येते. ती कशी हाताळायची हे मात्र कुणी सलग बसून सांगत नाही. म्हणून हे क्रमाने.

१. आधी या ॲसिडचा स्वभाव

बाजारात ‘कॉन्सन्ट्रेटेड’ म्हणून मिळणारं नायट्रिक वजनाने ६८ ते ७० टक्के असतं. हा आकडा असाच पडलेला नाही. साधारण ६८ टक्क्यांना पाणी आणि ॲसिड एकत्रच, १२०.५ अंशांच्या आसपास उकळतात, त्यामुळे साध्या ऊर्ध्वपातनाने त्यापुढे जाता येत नाही. ७० टक्क्यांच्या ॲसिडची घनता १.४२ च्या आसपास आणि तीव्रता सुमारे १५.८ मोलर असते. ८६ टक्क्यांच्या वरचं ते ‘फ्यूमिंग’. ते वेगळंच जनावर आहे, या लेखात ते नाही.

धातूंच्या विश्लेषणात याच ॲसिडला मान का? एक तर जवळपास सगळे नायट्रेट पाण्यात विरघळतात. सल्फ्युरिक वापरलं तर शिसं, बेरियम, स्ट्रॉन्शियम सल्फेट होऊन तळाशी बसतात; हायड्रोक्लोरिक वापरलं तर चांदी बसते. दुसरं कारण आयसीपी-एमएसचं, म्हणजे नमुना तापलेल्या प्लाझ्मात सोडून धातू वस्तुमानावरून मोजणाऱ्या यंत्राचं. नायट्रिकमधले हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे हवा-पाण्यामुळे प्लाझ्मात आधीच असतात, त्यामुळे नवे अडथळे फारसे येत नाहीत. क्लोरीन आलं की आर्गॉनशी जुळून ७५ वस्तुमानावर, म्हणजे नेमकं आर्सेनिकच्या जागी, येऊन बसतं.

याला काय जमत नाही तेही ठाऊक हवं. सोनं आणि प्लॅटिनम विरघळत नाहीत, त्यांना आम्लराज (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिकचं मिश्रण) लागतं. सिलिकेट फुटत नाहीत. कथिल विरघळण्याऐवजी पांढरा गाळ होऊन बसतं. ॲल्युमिनियम आणि क्रोमियमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि अभिक्रिया थांबते. सोल्डरच्या नमुन्यात कथिल ‘कमी’ आलं तर आधी ट्यूबचा तळ बघा.

२. ग्रेड ठरवा, आणि कामानुसार दोन ग्रेड ठेवा

एलआर (साधी लॅब ग्रेड), एआर (विश्लेषणाची ग्रेड), ट्रेस मेटल, अल्ट्राप्युअर हा चढता क्रम. एआरमध्ये धातूंची हमी पीपीएमच्या (दहा लाखात एक) अंशांत असते, ट्रेस मेटल ग्रेडमध्ये पीपीबीत (अब्जात एक), आणि अल्ट्राप्युअरमध्ये पीपीटीत (लाख कोटीत एक). किंमत याच क्रमाने उड्या मारत वाढते, म्हणून गणित आधी कागदावर करा.

समजा, लेबलवर शिशाची कमाल मर्यादा ०.०५ पीपीएम लिहिली आहे. ०.५ ग्रॅम तांदळासाठी तुम्ही ८ मिली ॲसिड घेतलं. ८ मिली म्हणजे सुमारे ११.३ ग्रॅम, त्यात ५६० नॅनोग्रॅमपर्यंत शिसं. हे सगळं तांदळाच्या माथी मारलं तर किलोमागे १.१ मिलिग्रॅम होतं. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, धान्यासाठीची मर्यादा ०.२ आहे! तेच ॲसिड १ पीपीबीचं असेल तर हा आकडा ०.०२३ वर येतो. ‘ब्लँक वजा करू की’ असं कुणीतरी म्हणतंच. पण मोठ्या ब्लँकचा चढउतारही मोठा असतो, आणि शोधमर्यादा ठरते ती ब्लँकच्या सरासरीवर नाही, त्याच्या चढउतारावर.

उलट भांडी भिजवायला, धातूचे पृष्ठभाग एच करायला (ॲसिडने किंचित कुरतडायला) किंवा टक्क्यांतलं तांबं मोजायला अतिशुद्ध ॲसिड वापरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. एआरची २.५ लिटरची बाटली आणि ट्रेस मेटलची ५०० मिलीची बाटली, अशी जोडी बहुतेक लॅबना पुरते. रोजचा खप मोठा असेल तर सब-बॉइलिंग यंत्राचा विचार करा. त्यात एआर ॲसिड न उकळता वरून तापवतात, वाफ थंड पृष्ठभागावर जमते. बुडबुडे फुटत नाहीत, म्हणून धातू घेऊन जाणारे बारीक थेंबही उडत नाहीत. वेग मात्र संथ आहे. यंत्र रात्रंदिवस चालवायचं, तळाशी उरलेला भाग टाकून द्यायचा, आणि दर आठवड्याला ब्लँक बघायचा. तेवढी शिस्त नसेल तर विकतचंच बरं.

३. खरेदीची कागदपत्रं

नायट्रिक ही दुकानात जाऊन पिशवीत घालून आणायची वस्तू नाही. ॲसिड हल्ल्यांच्या संदर्भातल्या लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार विक्रेत्याला खरेदीदाराचं ओळखपत्र, पत्ता आणि कारण नोंदवावं लागतं. १८ वर्षांखालच्या व्यक्तीला विक्री करता येत नाही. शैक्षणिक संस्था आणि संशोधन प्रयोगशाळांनाही याच निर्देशांत जबाबदारी दिली आहे. वापराचं रजिस्टर ठेवायचं आणि ते उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात, सादर करायचं. साठ्याला एक जबाबदार व्यक्ती नेमायची आणि लॅबमधून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करायची.

हाताशी ठेवायचं ते असं:

- संस्थेच्या लेटरहेडवर वापराचं कारण लिहिलेली मागणी, पीओ (खरेदी आदेश), जीएसटी क्रमांक
- जबाबदार व्यक्तीचं फोटो ओळखपत्र
- बाटलीच्या लॉट नंबरचं विश्लेषण प्रमाणपत्र, म्हणजे सीओए
- सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस
- साठा रजिस्टर: आलेलं, वापरलेलं, उरलेलं, सही
- धोकादायक कचऱ्याची प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृतता

कोटेशन मागवताना ‘लॉटचा सीओए सोबत हवा’ हे वाक्य घालाच. ‘टिपिकल ॲनालिसिस’ नावाचा कागद सीओए नसतो. त्यात तुमच्या बाटलीबद्दल काहीच नसतं, आणि प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या ऑडिटमध्ये तो चालणार नाही. माल येणार कसा तेही विचारून घ्या. वाहतुकीच्या वर्गीकरणात हे यूएन २०३१, वर्ग ८ (क्षरणकारक) मधलं रसायन आहे, आणि ६५ टक्क्यांपासून पुढे त्याला ऑक्सिडायझरचं दुय्यम लेबलही लागतं. साधं कुरिअर ते घेत नाही, त्यामुळे वेळ लागतो. ‘परवा सॅम्पल आहेत’ म्हणून आज पीओ काढून उपयोग नाही.

४. बाटली आली

लॉट नंबर सीओएशी जुळवा, आल्याची आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. एआर तपकिरी काचेत येतं. अल्ट्राप्युअर मात्र पीएफए किंवा एफईपीच्या (टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकच्या) बाटलीत येतं, कारण काचेतून बोरॉन, सोडियम, ॲल्युमिनियम हळूहळू ॲसिडमध्ये उतरतात. म्हणून अल्ट्राप्युअर ‘सोयीसाठी’ काचेच्या छोट्या बाटलीत काढून ठेवू नका. अशी बाटली दिसली की ती भांडी धुण्याच्या कामाला लावा.

ॲसिड पिवळसर झालंय म्हणून घाबरू नका. उजेडाने आणि उष्णतेने थोडं विघटन होऊन नायट्रोजन डायऑक्साइड त्यात विरघळतो, त्याचा तो रंग. धातूंचं प्रमाण त्यामुळे वाढत नाही. उलट पाण्यासारखं नितळ ॲसिड धातूंनी भरलेलं असू शकतं. रंगावरून शुद्धता ठरवायची नाही.

जागा: डोळ्यांच्या उंचीच्या खाली, ॲसिडला टिकणाऱ्या ट्रेमध्ये, एकटं. अल्कोहोल, ॲसिटोन यांच्या कपाटात तर नाहीच, पण ॲसेटिक ॲसिडशेजारीही नाही. ‘सगळी ॲसिडं एका कपाटात’ या सवयीचा हा नेहमीचा सापळा. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात पारा ४० ला टेकतो. बंद खोलीतल्या बाटलीत दाब वाढलेला असतो, तेव्हा हूडमध्ये (वाफ बाहेर खेचणाऱ्या कपाटात) झाकण हळूच, थोडं थोडं सैल करा.

५. अंगावर काय

फेस शिल्ड, त्याच्या आत गॉगल, आणि ॲसिडला टिकणारा ॲप्रन. हातमोज्यांत नव्वद टक्के लोक चुकतात. पातळ निळे नायट्राइलचे हातमोजे ७० टक्के नायट्रिकपुढे काही मिनिटांचे पाहुणे आहेत. बाटली ओतताना ब्यूटिल किंवा निओप्रीनचे घाला. पातळ ॲसिडला नायट्राइल चालतात, पण थेंब पडला की लगेच बदला. आणि पावडरवाले अजिबात नकोत. जस्ताचा ब्लँक वर जायचं ते एक आवडतं कारण आहे.

काम हूडमध्येच. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जायची शक्यता असते, त्या दिवशी उघडं डायजेशन (गरम ॲसिडमध्ये नमुना विरघळवणं) लावूच नका. महापालिकेचं पाणीही दुरुस्तीसाठी बऱ्याचदा गुरुवारीच बंद असतं, म्हणून सेफ्टी शॉवर आणि आयवॉश कोणत्या टाकीवर आहेत ते आधी विचारून ठेवा.

६. भांडी: शुद्धता इथेच हरवते

महागडं ॲसिड आणून ते काचेच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये ओतलं की पुढचा खटाटोप व्यर्थ. बाटलीत जी शुद्धता मिळते ती झाकण उघडेपर्यंतचीच, त्यानंतरची तुमची.

डायजेशन ट्यूब, फ्लास्क, सॅम्पलच्या बाटल्या एआर ॲसिडच्या १० टक्के बाथमध्ये, म्हणजे ९ लिटर पाण्यात १ लिटर ॲसिड, रात्रभर बुडवा. मग १८.२ मेगाओहमच्या (अतिशुद्ध) पाण्याने तीनदा विसळा आणि झाकणाच्या डब्यात सुकवा. टिश्यूने पुसू नका, उघड्या ओव्हनच्या जाळीवर ठेवू नका. बाथ किती दिवस वापरायचा? त्यातलं १ मिली काढून पातळ करून मशीनवर बघा, ते सांगेल.

पिपेटमध्ये दोन गोष्टी: टिप बिनरंगी घ्या, कारण रंगद्रव्यांतून धातू येतात. आणि तीव्र ॲसिड पिपेटने ओढायचं टाळा. वाफ आत जाऊन स्टीलचे भाग गंजतात आणि मग लोखंड, निकेल, क्रोमियम ‘कुठून आलं कळत नाही’. बाटलीला बसणारा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) डिस्पेन्सर वापरा, रोज पहिले दोन-तीन स्ट्रोक टाकून द्या. एकदा बाहेर काढलेलं ॲसिड मूळ बाटलीत परत ओतायचं नाही. एक थेंबही नाही.

हवेतली धूळ विसरू नका. शेजारी बांधकाम चालू असेल, हूडच्या वरचा अँगल गंजलेला असेल, तर लोखंड आणि ॲल्युमिनियमचे आकडे नाचतात. दिवाळीत फटाक्यांच्या धुरातून बेरियम, स्ट्रॉन्शियम, ॲल्युमिनियम येतं. त्या आठवड्यात बेरियमची ट्रेस पातळीची कामं पुढे ढकलली तर कुणी हसणार नाही.

७. पातळ करणं

आधी पाणी, मग ॲसिड. हे शाळेपासून पाठ आहे, तरी घाईत उलटं होतं.

गणित सोपं करणारा एक योगायोग: ७० टक्के आणि १.४२ घनता यांचा गुणाकार ०.९९ येतो, म्हणजे १ मिली तीव्र ॲसिडमध्ये जवळपास १ ग्रॅम शुद्ध नायट्रिक असतं. त्यामुळे ‘२ टक्के’ म्हणजे बाटलीतल्या ॲसिडचं आकारमान की शुद्ध ॲसिडचं वजन, या वादाने इथे फारसा फरक पडत नाही. दोन्हीकडून लिटरला सुमारे २० मिली. हायड्रोक्लोरिकला हा हिशेब लावाल तर फसाल. १ मोलर हवं असेल तर ६३ मिली घेऊन १ लिटर करा.

स्टँडर्ड, ब्लँक आणि नमुना या तिन्हींत ॲसिडचं प्रमाण सारखं ठेवा. आयसीपी-एमएससाठी १ ते २ टक्के ठीक. ५० मिलीत ८ मिली ॲसिड असलेलं द्रावण १६ टक्के भरतं. ते तसंच चढवलं तर मशीनमधले धातूचे कोन झिजतात आणि सिग्नल दबतो. आणखी आठ ते दहापट पातळ करा.

८. पाण्याचा नमुना टिकवणं

मुठेचं पाणी असो की बोअरचं, धातूंसाठीच्या नमुन्याचा पीएच २ च्या खाली हवा, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. लिटरला १.५ ते २ मिली तीव्र ॲसिड सहसा पुरतं. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर पुरत नाही, म्हणून तपासा. पट्टी बाटलीत बुडवायची नाही, थेंब पट्टीवर टाकायचा.

विरघळलेले धातू हवे असतील तर ०.४५ मायक्रॉनमधून गाळणं आधी, ॲसिड नंतर. उलटं केलंत तर गाळातले धातू विरघळून पाण्यात येतात आणि तो नमुना परत मिळत नाही. दुसरी चूक ऐकायला विनोदी वाटते, पण होते: त्याच बाटलीतून नायट्रेट मोजायला देणं. नायट्रेटसाठी बाटली वेगळी.

पारा फक्त नायट्रिकमध्ये टिकत नाही. त्याला थोडं सोनं किंवा हायड्रोक्लोरिक लागतं, आणि तो २८ दिवसांत मोजायचा. बाकी धातूंना सहा महिने मिळतात.

९. मायक्रोवेव्ह डायजेशन

कोरडा वनस्पतीजन्य नमुना ०.५ ग्रॅम, तेलकट असेल तर (शेंगदाणे, तीळ) ०.२ ग्रॅम. वर ८ मिली ट्रेस मेटल ॲसिड, भांड्याच्या भिंतीवर चिकटलेली पूड खाली आणत. झाकण न लावता हूडमध्ये १५ ते ३० मिनिटं थांबा. ही पायरी लोक वेळ वाचवायला गाळतात, आणि पहिल्या पाच मिनिटांत सुटणारा वायू मग बंद भांड्यात सुटतो. फेस बसल्यावर हवं तर १ ते २ मिली ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. मग १५ ते २० मिनिटांत १८० ते २०० अंशांपर्यंत चढवा, तिथे १५ ते २० मिनिटं ठेवा.

एका फेरीत एकाच प्रकारचे नमुने. अनेक यंत्रांत तापमानाचा सेन्सर एकाच भांड्यात असतो. त्या भांड्यात पालक आणि शेजारच्यात शेंगदाणे असतील तर यंत्राला शेंगदाण्यांचा दाब कळत नाही. अल्कोहोल असलेला नमुना (सिरप, आसव) आधी अल्कोहोल उडवल्याशिवाय आत घालू नका.

तापमान ५० च्या खाली आल्यावरच, हूडमध्ये, तोंड दुसरीकडे करून उघडा. तपकिरी वाफ निघेल. द्रावण नितळ दिसलं म्हणजे सगळं विरघळलं असं नाही. भाताच्या नमुन्यात सिलिका बारीक, जवळजवळ अदृश्य बसलेली असते. दर फेरीला दोन ब्लँक, एक दुबार नमुना आणि एक प्रमाणित संदर्भ पदार्थ ठेवा.

हॉटप्लेटवर करत असाल तर ९५ अंशांच्या आसपास, वॉच ग्लास ठेवून. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर असल्याने पाणी ९८ अंशांनाच उकळतं, द्रावण अपेक्षेपेक्षा लवकर आटतं. कोरडं पडू देऊ नका.

१०. स्टीलवाल्यांसाठी नायटल

चाकण-भोसरीच्या मेटलर्जी लॅबमध्ये नायट्रिक सर्वांत जास्त जातं ते नायटलसाठी: ९८ मिली इथेनॉल, २ मिली ॲसिड. इथे एआर पुरे. अल्कोहोलमध्ये ॲसिड, थेंब थेंब, ढवळत. उलट क्रम कधीच नाही. पॉलिश केलेला स्टीलचा तुकडा काही सेकंद बुडवायचा, चमक जाऊन राखाडी झाला की अल्कोहोलने धुवायचा, गरम हवेने सुकवायचा.

३ टक्क्यांच्या वर साठवू नका, १० टक्क्यांच्या वर बनवूच नका. ते मिश्रण स्फोट करू शकतं. लागेल तेवढंच बनवा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवू नका. ‘लवकर एच होतं’ म्हणून टक्केवारी वाढवणारा सहकारी प्रत्येक लॅबमध्ये असतो. त्याचं ऐकू नका.

११. कचरा

नायट्रिकचे सर्वांत नेहमीचे अपघात कचऱ्याच्या बाटलीत होतात. रिकाम्या मेथनॉलच्या किंवा ॲसिटोनच्या बाटलीत टाकाऊ ॲसिड ओतलं जातं, झाकण घट्ट लावलं जातं, आणि तास-दोन तासांनी बाटली फुटते. उरलेले दोन-चार मिलीही पुरतात. नायट्रिकच्या कचऱ्याला वेगळा एचडीपीईचा कॅन ठेवा, हवा जाणाऱ्या झाकणाचा, ठळक लेबल लावलेला; कचरा १० टक्क्यांच्या खाली पातळ करूनच त्यात ओता.

धातू नसलेलं धुण्याचं पाणी सोड्याने उदासीन करून, पीएच ५.५ ते ९ च्या दरम्यान आणून, संस्थेला मंडळाने दिलेल्या संमतीपत्रात बसत असेल तरच एफ्लुएंट लाइनला सोडा. धातू असलेलं सिंकमध्ये जात नाही. २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांनुसार साठवणीला ९० दिवस मिळतात. नोंद फॉर्म ३ मध्ये, वाहतुकीला फॉर्म १० ची मॅनिफेस्ट, आणि वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत. पुणे भागातला हा कचरा रांजणगावच्या सामायिक केंद्राकडे जातो. छोट्या लॅबने गाडी कधी येते ते आधीच ठरवून घ्यावं, नाहीतर ९० दिवस बघता बघता उलटतात.

१२. सांडलं, उडालं, नाकात गेलं

भुसा, कापूस, टिश्यू टाकू नका, ते पेटू शकतात. वाळू आणि खायचा सोडा घ्या, कडेकडून आत या. १ मिली तीव्र ॲसिडला १.३ ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे २.५ लिटरच्या बाटलीला ३.३ किलो. कोपऱ्यातली ५०० ग्रॅमची पुडी शोभेपुरती आहे. ५ किलोची बादली ठेवा.

अंगावर पडलं तर कपडे काढून किमान १५ मिनिटं वाहतं पाणी. त्वचेवर सोडा चोळू नका. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तेवढंच पाणी, आणि डॉक्टर. कातडी पिवळी पडते ती प्रथिनांशी अभिक्रिया होऊन. रंग धुऊन जात नाही.

तपकिरी वाफ छातीत गेली आणि थोड्या वेळाने ‘बरं वाटतंय’ असं वाटलं, तरी घरी जाऊ नका. नायट्रोजन डायऑक्साइडमुळे फुफ्फुसात पाणी होणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतं. १०८ ला फोन करा, एसडीएसची प्रत सोबत द्या, आणि काय श्वासात गेलं व किती वाजता, हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.